पदवी पर्यावरणाची, परीक्षा गावच्या नाल्याची

अलीकडची काही वर्षे बारावीची परीक्षा आणि रमजान मागेपुढेच येत आहेत. चांद्रवर्ष दरसाल दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते, त्यामुळे हा योग लवकरच मोडेल. तोवर मात्र सहरीला उठलेली मुले पुन्हा अंथरुणात शिरत नाहीत, पुस्तक उघडतात. संध्याकाळी इफ्तार होऊन दस्तरखान उचलला गेला की घराघरांत एकच विषय निघतो: पुढे काय? नीट, सीईटी, फार्मसी, डी. एड. अशी नावे क्रमाने घेतली जातात. यादीच्या अगदी तळाशी, कुठेच नाव लागले नाही तर म्हणून, ‘पर्यावरणशास्त्र’ हा शब्द येतो. शेजारच्या गल्लीत कुलकर्ण्यांकडे किंवा पाटलांकडे चित्र फारसे वेगळे नसते. तिथे फक्त जेवणाची वेळ निराळी.

“झाडे लावायला पदवी कशाला लागते?” हा प्रश्न अब्बांनी विचारला काय किंवा बाबांनी विचारला काय, तो रास्तच आहे. या विषयाची त्यांना ओळख झाली ती वृक्षदिंडीतून, भिंतीवरच्या घोषणांतून आणि पाच जूनच्या भाषणांतून. ज्या विषयाचे नाव घेताच रोप आणि फोटो डोळ्यांपुढे येतात, त्यावर मुलीच्या आयुष्याची पाच वर्षे कोण लावील?

पण विद्यापीठात शिकवला जाणारा विषय हा नव्हे. तो मुळात मोजण्याचा विषय आहे. नाल्याच्या पाण्याची एक बाटली भरून आणायची. त्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू बाटली भरल्या जागी बांधून ठेवावा लागतो. त्यासाठी मँगेनस सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड घालतात. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर तो पांढराच राहतो. शहरातल्या एखाद्या नाल्याची बाटली पांढरी पडते तेव्हा वर्गातली कुजबुज आपोआप थांबते. पुढे आम्ल, मग थायोसल्फेटचे थेंब, शेवटी स्टार्च, आणि निळा रंग जातो तो नेमका थेंब पकडायचा. त्याच पाण्याची दुसरी बाटली अंधारात, ठरावीक तापमानाला ठेवायची आणि जिवाणूंनी किती प्राणवायू खाल्ला ते नंतर पाहायचे. हीच ती बीओडीची चाचणी. इंग्रजी पुस्तकांत ती २० अंश सेल्सिअसला पाच दिवसांची असते. भारतीय मानकात ती २७ अंशांना तीन दिवसांची आहे, कारण इथले पाणी तितके थंड नसते. कारखान्याने नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे ३० मिलिग्रॅम. हा आकडा काढणारा माणूस आणि झाडे लावणारा माणूस एकच असू शकतो, पण त्यांची कामे वेगळी आहेत.

विषयाचा भाव उतरला त्याला एक इतिहास आहे, आणि तो जरा विचित्र आहे. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितले की, पर्यावरणाचे शिक्षण सर्व स्तरांवर द्यावे. अंमलबजावणी रेंगाळली, न्यायालयाने पुन्हा कान पिळले, आणि २००३-०४ च्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांना लागू झाला. त्याचे पाठ्यपुस्तक लिहिले पुण्याच्या एराक भरूचा यांनी. ते व्यवसायाने शल्यचिकित्सक, आणि वेड जंगलाचे. आठ घटक, पन्नास तासिका, त्यांतल्या पाच क्षेत्रभेटीसाठी. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात काय झाले ते महाविद्यालयाबाहेरचा झेरॉक्सवाला जास्त चांगले सांगेल. त्याच्याकडे ‘जलप्रदूषण’, ‘ध्वनिप्रदूषण’ आणि ‘जैवविविधता’ असे तयार प्रकल्प मिळतात, मुखपृष्ठावर नाव तेवढे घालायचे. सक्तीने विषय सगळ्यांपर्यंत पोहोचला हे खरे, पण त्याची पतही गेली. कला शाखेच्या मुलाने, वाणिज्यच्या मुलीने पर्यावरण म्हणजे पाठ करून विसरायचे एक पेपर असे एकदा ठरवले की, त्याच विषयात एम. एस्सी. करणारी धाकटी बहीण घरात चेष्टेचा विषय होते.

महाराष्ट्रात हा विषय नीट शिकण्याच्या जागा कमी नाहीत. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ, पुण्याचे सावित्रीबाई फुले विद्यापीठ, जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठ आणि छत्रपती संभाजीनगरचे डॉ. आंबेडकर विद्यापीठ इथे पदव्युत्तर विभाग आहेत. पुण्यात भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण संस्था १९९३ पासून आहे. नागपुरात नीरी ही राष्ट्रीय संशोधन संस्था १९५८ पासून पाणी आणि सांडपाण्यावर काम करते आहे. सुरुवातीला तिचे नावच सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीचे होते, ‘पर्यावरण’ हा शब्द तिला १९७४ मध्ये मिळाला. आयआयटीकडे जायचे असेल तर गेट परीक्षेत २०२१ पासून पर्यावरणशास्त्र व अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आहे. प्राध्यापकी करायची तर नेटमध्ये हा ८९ क्रमांकाचा विषय.

मात्र एक खाचखळगा आधीच दाखवायला हवा, कारण तो कोणी दाखवत नाही. वनसेवेचे स्वप्न घेऊन पुष्कळ मुले या पदवीकडे येतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या भारतीय वनसेवेसाठी पदवीला जे विषय लागतात त्यांत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भूगर्भशास्त्र, भौतिक, गणित, संख्याशास्त्र, पशुवैद्यक, कृषी, वनशास्त्र, अभियांत्रिकी अशी नावे आहेत. पर्यावरणशास्त्र हे नाव त्या यादीत नाही. मुख्य परीक्षेच्या वैकल्पिक विषयांतही नाही. बी. एस्सी.ला पर्यावरणाच्या जोडीला वनस्पतिशास्त्र किंवा रसायन घेतलेली मुलगी अर्ज भरू शकते, निव्वळ पर्यावरण घेतलेली दारातच अडते. प्रदूषण मंडळे, महापालिका, जलसंधारणाच्या यंत्रणा यांच्या जाहिरातींतही पात्रतेची ओळ दर वेळी बारकाईने वाचावी लागते. कुठे विज्ञानाची पदव्युत्तर पदवी चालते, कुठे अभियांत्रिकीच हवी असते. म्हणून पदवीला रसायन सोडू नये. ज्यांना रसायनाची भीती वाटते म्हणून पर्यावरण बरे वाटते, त्यांनी हा विषय घेऊच नये, असे म्हणणे कठोर वाटेल, पण प्रयोगशाळेत रडण्यापेक्षा आधी ऐकलेले बरे.

नोकऱ्या आहेत कुठे? सगळ्यात जास्त कारखान्यांत. भोपाळची वायुगळती १९८४ च्या डिसेंबरातली, आणि पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा. त्याआधीचा पाण्याचा कायदा १९७४ चा, हवेचा १९८१ चा. महाराष्ट्र तर या सगळ्यांच्या आधी जागा झाला होता. त्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० पासून आहे. या कायद्यांखाली कारखान्याला संमतीपत्र घ्यावे लागते, त्याचे नूतनीकरण करावे लागते, सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प, म्हणजे सगळे ज्याला ईटीपी म्हणतात, तो चालवावा लागतो, आणि दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत पर्यावरण विवरणपत्र भरावे लागते. हे सारे कोणीतरी करायचे असते. त्या कोणीतरीचा पहिला पगार फार नसतो, शिफ्ट असते, एमआयडीसी गावाबाहेर असते, आणि मुलगी असेल तर घरात रात्रपाळीवरून वाद होतो. हा वाद खोटा नाही. बस नाही, रस्त्यावर दिवा नाही, तिथे अम्मीची काळजी मागासलेली म्हणून उडवून लावणे सोपे आहे, बस सुरू करणे अवघड.

पण खरी कसोटी पगाराची नाही. समजा, पाण्याचा नमुना ३४ आला. मर्यादा ३०. मालक वाईट माणूस नसतो, दोनशे घरांची चूल त्याच्या यंत्रावर चालते, कदाचित तपासणाऱ्या मुलीचा मामाही तिथेच कामाला असतो. चौतीसचे एकोणतीस करायला एक पेन पुरते. किंवा पेनाचीही गरज नसते, बाटली भरण्याआधी टाकीत थोडे साधे पाणी सोडले तरी भागते. त्या क्षणी तिथे कोणी नसते. रोजेदाराने बंद दाराआड एक घोट पाणी पिले तर ते तरी कोणाला कळते? एकादशी करणाऱ्याचेही तेच. माणसे तरी पीत नाहीत. नमुन्याच्या नोंदवहीला याहून वेगळी राखण नाही. मंडळाचा अधिकारी वर्षातून काही वेळा येतो, राष्ट्रीय हरित लवादाचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात बसते, पण रोजची नोंद रोजच्या माणसाच्या हातात असते. पंचगंगेकाठचे इचलकरंजी, कामवारीकाठची भिवंडी, गिरणा-मोसमच्या संगमावरचे मालेगाव ही सारी यंत्रमागांची गावे. तिथल्या मुलांना हा पेच पुस्तकातून शिकावा लागत नाही, तो जेवणाच्या ताटाशी येतो. तिथे नोकरी वाचवणे आणि नदी वाचवणे यांत निवड करायची नसते. प्रक्रिया प्रकल्प नीट चालवून दोन्ही टिकवता येतात, आणि हे हिशेबाने दाखवू शकेल तो माणूस कारखान्याला हवा असतो. चौतीस का आले, हवा पुरवणारे यंत्र रात्री बंद ठेवले होते का, गाळ किती दिवस काढला नाही, हे सांगणारा अहवाल मालकाला दंडापेक्षा स्वस्त पडतो. आकडा बदलणारा कर्मचारी कोणत्याही पदवीचा मिळेल. आकड्याचे कारण शोधणारा घडवण्यासाठी ही पदवी आहे.

या विषयाची आणखी एक शाखा अशी आहे की, तिच्याकडे शहरातल्या अर्ध्या गल्ल्यांची पिढीजात विद्या पडून आहे. भंगाराचा धंदा. ज्या मुलाने चौथी-पाचवीत असताना वडिलांच्या वखारीत प्लास्टिक निवडले, त्याला एलडी, एचडी आणि पीपी यांतला फरक बोटांना कळतो. तुकडा वाकवून, आपटून, प्रसंगी जाळून वासावरून तो जात सांगतो. हाच मुलगा पुढे पॉलिमरच्या तासाला मागच्या बाकावर गप्प बसतो, कारण आपल्या घरचे काम हे ज्ञान आहे असे त्याला कोणी सांगितलेले नसते. प्लास्टिकच्या वेष्टनांबाबत २०२२ मध्ये केंद्राने उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीची नियमावली आणली. जो माल बाजारात सोडतो, त्याने तेवढा कचरा पुन्हा वापरात आल्याचा दाखला द्यायचा. हा दाखला देऊ शकतो तो केंद्रीय मंडळाच्या पोर्टलवर नोंदलेला पुनर्चक्रीकरण करणारा. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, त्यांतही हाच मार्ग आहे. याचा साधा अर्थ असा की, दाणा बनवणाऱ्याला आता दाण्याच्या किमतीखेरीज दाखल्याचीही किंमत मिळू शकते. मात्र त्यासाठी मंडळाची संमती हवी, वजनाच्या नोंदी हव्यात, धुण्याच्या पाण्यावर प्रक्रिया हवी, अर्ज भरता यायला हवा. चाळीस वर्षे शहराचा कचरा उचललेला माणूस या पोर्टलच्या दारात अडून राहतो आणि बाहेरून भांडवल घेऊन आलेली कंपनी आत जाते. आतापर्यंत विनापरवाना म्हणून ज्याला हिणवले, त्याच्याच घरातली मुलगी पर्यावरणशास्त्र शिकली तर हे दार उघडू शकते. वखारीत काम करणाऱ्या बाया हातमोज्यांशिवाय सुया आणि काचा निवडतात, हेही ती बदलू शकते. सरकारी योजनांच्या पत्रकांत ‘हरित रोजगार’ हा शब्द फार येतो, तो इथे असा दिसतो.

मोठ्या प्रकल्पांचे पर्यावरण परिणाम मूल्यांकन हे दुसरे क्षेत्र. २००६ च्या अधिसूचनेनंतर त्याची चौकट पक्की झाली. असे अहवाल करणाऱ्या सल्लागार संस्थांना मान्यता लागते, आणि त्यांच्या तज्ज्ञांची हवा, पाणी, ध्वनी, भूजल, जैवविविधता, घातक कचरा, समाज-अर्थ अशी क्षेत्रे ठरलेली आहेत. विद्यार्थ्याने एम. एस्सी.च्या पहिल्याच वर्षी यांतले एक निवडून त्यात खोल जावे. सगळ्यातले थोडे थोडे येणाऱ्याला जागा मिळते ती अहवाल चिकटवण्याची. आणि एका गोष्टीकडे या क्षेत्रात लाजिरवाणे दुर्लक्ष होते, ती म्हणजे भाषा. जनसुनावणीपूर्वी किमान तीस दिवसांची नोटीस आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. तो मराठी सारांश वाचून पाहावा. शब्द मराठी असतात, वाक्य कुणाचेच नसते. ज्याची जमीन जायची आहे त्याला त्यातून आपल्या विहिरीचे काय होणार हे कळत नाही. दोन भाषांत वाढलेल्या, घरात उर्दू आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या मुलांना एका भाषेतले दुसरीत समजावून सांगण्याची सवय लहानपणापासून असते. सरकारी दवाखान्यात शेजारच्या खालाचा कागद हीच मुले वाचून दाखवतात. तीच सवय इथे कामाची आहे, तिला नोकरीच्या अर्जात एक ओळ मिळायला हवी.

नव्या वाटाही आहेत. सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला. पाणी किती वापरले, वीज किती, कचरा कुठे गेला, असे सगळे त्यात येते. तिथे एक्सेल नीट येणारी आणि आकड्यावर संशय घेऊ शकणारी माणसे लागतात. नकाशांचे काम क्यूजीआयएस या फुकट मिळणाऱ्या संगणक प्रणालीवर शिकता येते, इस्रोचे ‘भुवन’ घरबसल्या उघडता येते. संख्याशास्त्र मात्र फुकट येत नाही, त्याला घाम लागतो.

पदवीचा विषय निघाला की कोणीतरी सालिम अलींचे नाव घेतोच. मुंबईत १८९६ मध्ये जन्मलेल्या या पक्षिशास्त्रज्ञाकडे विद्यापीठाची पदवी नव्हती, म्हणून झूलॉजिकल सर्व्हेतली नोकरी हुकली. हा किस्सा पदवीला नावे ठेवण्यासाठी सांगितला जातो, पण पुढचा भाग गाळला जातो. ते शिकायला बर्लिनला श्ट्रेझेमान यांच्याकडे गेले. परतल्यावर नोकरी नव्हती, तेव्हा अलिबागजवळ किहीमला राहून त्यांनी सुगरण पक्ष्यांची घरटी महिनोन्‌महिने पाहिली आणि नरमादीचा सगळा संसार तारीखवार टिपून ठेवला. पदवी नव्हती, पण पद्धत होती. आज पदवी सगळ्यांकडे आहे.

पद्धत शिकायला दूर जावे लागत नाही. महापालिका असलेल्या प्रत्येक शहरात आयुक्तांनी ३१ जुलैपूर्वी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल सभेपुढे ठेवायचा, असा कायदा आहे. आपल्या शहराचा अहवाल मागवून गेल्या वर्षीच्याशी ताडून पाहिला तर किती परिच्छेद जसेच्या तसे उतरले आहेत ते कळते. प्रकल्प म्हणून एवढेही पुरे. जालना, जळगाव, लातूर, सांगली, सोलापूर ही नावे २०१९ च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत आहेत, तिथल्या मुलांनी आपल्या शहराची धूळ मोजायला दिल्लीची वाट पाहू नये. रमजानच्या आधीचा आठवडा आणि रमजानचा एक आठवडा, एकाच मोहल्ल्याचा कचरा ओला-सुका वेगळा करून तोलला तर इफ्तारच्या कागदी ताटल्या आणि प्लास्टिकचे पेले किलोत कळतात. मशिदीच्या हौदावर वजूसाठी दिवसाला किती पाणी जाते हे घड्याळ आणि बादली घेऊन काढता येते, आणि ते शेजारच्या बागेला वळवायला खर्च किती येईल हेही. गणेश विसर्जनाचे पाणी आधी, त्या दिवशी आणि नंतर असे तीनदा तपासावे, हे केंद्रीय मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. तलाव गावात आहे, मुले गावात आहेत, बाटल्या महाविद्यालयात आहेत. दोन्ही कामे एकाच गटाने करावीत, म्हणजे ‘त्यांचा सण’ आणि ‘यांचा सण’ अशी वाटणी आकड्यांत होत नाही.

प्रवेशाचे अर्ज उन्हाळ्यात सुरू होतील. पालकांनी महाविद्यालयाचे माहितीपत्रक बाजूला ठेवून प्रयोगशाळा पाहायला मागावी. क्षेत्रभेटीची नोंदवही आहे का, मागच्या तुकडीतल्या मुली-मुलांपैकी कोण कुठे लागले, प्रबंधासाठी आकडे त्यांनी स्वतः गोळा केले की कुठून उतरवले, हे विचारावे. शिक्षकांना असल्या प्रश्नांचा राग आला तर तेही एक उत्तरच. आणि कोपऱ्यातला इन्क्युबेटर चालू आहे का, त्यावर २७ दिसते आहे का, हे डोळ्यांनी पाहून यावे.